हलका ट्रायपॉड, न हललेला फोटो

शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर चंचुपात्र ठेवण्यासाठी लोखंडी तिवई असते. ओट्यावर कुठेही ठेवली तरी ती डुगडुगत नाही. वर्गातली चार पायांची खुर्ची मात्र फरशी जरा उंचसखल असली की एक पाय हवेत धरून कुरकुरत राहते. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड म्हणजे हीच तिवई. फरक एवढाच, की तिचे पाय लांब-आखूड करता येतात आणि घडी घालून ती पिशवीत ठेवता येते.

परिसर अभ्यास, पक्षीनिरीक्षण, आकाशदर्शन, विज्ञान प्रदर्शन अशा शाळेच्या अनेक कामांत आता फोटो काढले जातात. असा फोटो आठवणीपुरता नसतो, तो नोंदीचा पुरावा असतो. खाडीवरच्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेले कडे असेल, तर त्यावरचा अंक वाचता आला पाहिजे. ग्रहणाच्या फोटोत पृथ्वीच्या सावलीची कड दिसली पाहिजे. फोटो हलला तर नोंदही गेली.

यावर उपाय म्हणजे ट्रायपॉड, पण इथेच अडचण सुरू होते. भक्कम ट्रायपॉड अडीच-तीन किलोंचा असतो. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात राहणाऱ्या शिक्षकाला तो सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये खांद्यावर घेऊन चढणे अवघड. खरेदी झालेला भक्कम ट्रायपॉड मग कपाटातच राहतो. हलका घ्यावा, तर ‘हलक्यावर फोटो हलतात’ असे दुकानदारापासून छंदिष्टांपर्यंत सगळे सांगतात. या म्हणण्यात तथ्य किती, आणि हलक्या ट्रायपॉडवर स्पष्ट फोटो मिळवायचा तर काय पाहून तो निवडावा, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. त्यासाठी लागणारे सगळे विज्ञान आठवी-नववीच्या पुस्तकातले आहे.

तीनच पाय का?

कोणत्याही तीन बिंदूंतून (ते एका रेषेत नसतील तर) एक प्रतल नक्की जाते. म्हणून जमीन कितीही खडबडीत असली तरी तीन पाय एकाच वेळी टेकतात. चौथा पाय त्या प्रतलात असेलच याची खात्री नसते, आणि म्हणून खुर्ची डुगडुगते.

पण पाय टेकले म्हणजे वस्तू उलटणार नाही, असे नाही. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा तिन्ही पायांनी केलेल्या त्रिकोणात पडली पाहिजे. समजा, प्रत्येक पाय मध्यापासून ५० सेंटिमीटरवर टेकला आहे. समभुज त्रिकोणाच्या मध्यापासून शिरोबिंदू जेवढा लांब असतो, त्याच्या निम्म्या अंतरावर बाजू असते. म्हणजे पायाच्या दिशेला ५० सेंटिमीटरचा आधार आहे, तर दोन पायांच्या मधल्या दिशेला फक्त २५ सेंटिमीटरचा. यावरून एक साधा नियम निघतो. लांब भिंग पुढे झुकते, म्हणून एक पाय नेहमी भिंगाच्या खाली, त्याच दिशेला ठेवावा. फोटो काढणारी व्यक्ती मग मागच्या दोन पायांच्या मधे उभी राहते आणि तिचा पाय ट्रायपॉडला अडखळत नाही. चढावर उभे असू, तर पायांची लांबी कमी-जास्त करून मधला दांडा ओळंब्यात आणावा. दोऱ्याला रबर बांधले की ओळंबा तयार होतो.

फोटो हलतो म्हणजे कितीसा हलतो?

आता थोडे गणित करू या. कॅमेऱ्यातील संवेदक बारीक चौकटींचा, म्हणजे पिक्सेलांचा, बनलेला असतो. एका पिक्सेलची रुंदी ४ मायक्रोमीटर आणि भिंगाचे नाभीय अंतर ३०० मिलिमीटर धरू. पिक्सेलच्या रुंदीला नाभीय अंतराने भागले की एका पिक्सेलमागे येणारा कोन मिळतो. तो आहे एका अंशाचा सुमारे तेराशेवा भाग. चंद्रबिंब साधारण अर्ध्या अंशाचे दिसते, म्हणून या भिंगातून त्याचे चित्र सुमारे ६५० पिक्सेल रुंद येते.

फोटो घेतला जात असताना कॅमेरा एवढ्याशा कोनातून वळला की चित्र एका पिक्सेलने सरकते. कॅमेरा १० सेंटिमीटर लांब असेल, तर त्याचे एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत किती हलावे लागेल? सव्वा मायक्रोमीटरच्या आसपास! माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग. एवढी हालचाल डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ‘ट्रायपॉड हलला नव्हता, तरी फोटो हलला’ अशी तक्रार ऐकू येते.

साध्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे काय? तिथे पिक्सेल सुमारे १ मायक्रोमीटरचा आणि भिंगाचे नाभीय अंतर सुमारे ५ मिलिमीटर असते. त्यामुळे एका पिक्सेलचा कोन वरच्या उदाहरणापेक्षा पंधरापट मोठा येतो. फोन त्या मानाने पंधरापट हालचाल सहन करतो. (याची दुसरी बाजू अशी, की त्यात चंद्र जेमतेम ४४ पिक्सेल रुंद दिसतो.) निवडीचा पहिला निकष इथेच हाती येतो. तलावाकाठचे दृश्य, रात्रीचा देखावा किंवा तारकासमूह फोनने टिपायचा असेल, तर अर्ध्या किलोचा ट्रायपॉड पुरतो. दूरचा पक्षी किंवा चंद्र टिपायला लांब भिंग लावणार असाल, तर मात्र पुढचे सगळे मुद्दे लागू होतात.

वजन आणि ताठपणा

खोक्यावर ‘५ किलो भार पेलतो’ असे छापलेले असते. आपला कॅमेरा एक किलोचा, तेव्हा हा पुरे, असे वाटते. पण मोडून न पडणे वेगळे आणि न थरथरणे वेगळे. शिवाय हा भार मोजण्याची पद्धत उत्पादकागणिक वेगळी असते, त्यामुळे दोन खोक्यांवरच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याला हवा आहे तो ताठपणा. ठरावीक जोर लावला असता वस्तू किती कमी वाकते, याला आपण ताठपणा म्हणू. तो कशावर अवलंबून असतो, हे वर्गात दोन प्रयोगांनी दाखवता येते.

पहिला प्रयोग. ३० सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेला ठेवून तिच्यावर जाड पुस्तके दाबा. १० सेंटिमीटर भाग बाहेर ठेवा आणि टोकाला किल्ल्यांचा लहानसा जुडगा अडकवा. टोक किती खाली येते ते मोजा. आता पट्टी २० सेंटिमीटर बाहेर काढून तोच जुडगा अडकवा. लांबी दुप्पट झाली, पण टोक सुमारे आठपट खाली येईल. जुडगा काढून पट्टीला टिचकी मारली तर लांब पट्टी सावकाश आणि जास्त वेळ हलताना दिसेल. वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, असा याचा अर्थ.

दुसरा प्रयोग. सारख्या आकाराचे दोन कागद घ्या. एकाची बोटाएवढी बारीक सुरळी करा, दुसऱ्याची तीन-चार बोटे जाड. दोन्ही चिकटपट्टीने नीट बंद करा. पुस्तकांच्या दोन चळतींवर सुरळी आडवी ठेवून मध्यावर दोऱ्याने थोडे थोडे वजन टांगत जा. दोन्ही सुरळ्यांचे वजन सारखेच आहे, तरी जाड सुरळी कमी वाकते. मात्र वजन वाढवत गेलो की जाड सुरळी एका जागी अचानक चेपते, कारण तिची भिंत पातळ आहे. ट्रायपॉडच्या नळ्या जाड का असतात आणि त्यांची भिंत फार पातळ का करता येत नाही, हे दोन्ही या एका प्रयोगात दिसते.

भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास वाढवला, तर ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि वजन फक्त व्यासाच्या प्रमाणात. १६ मिलिमीटरऐवजी २८ मिलिमीटरची नळी घेतली तर वजन पावणेदोनपट होते, पण ताठपणा पाचपटीहून अधिक! वजनाच्या मोबदल्यात मिळणारा हा नफा मोठा आहे.

हलकेपणा कुठून आला?

एखादा ट्रायपॉड हलका असेल तर तो हलका कशामुळे झाला, हे विचारायला हवे. त्याला तीन कारणे असू शकतात.

एक, तो आखूड आहे. हा हलकेपणा फायद्याचा. आखूड पाय कमी वाकतात. उभ्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत येणाराच ट्रायपॉड हवा, हा आग्रह सोडावा. कॅमेऱ्याचा किंवा फोनचा पडदा वरूनही पाहता येतो. आणि आपले फोटोग्राफर विद्यार्थी असतील, तर १२० सेंटिमीटरची उंची त्यांना बहुतेक वेळा पुरेशी असते.

दोन, त्याच्या नळ्या बारीक आहेत. हा हलकेपणा महागात पडतो. पाय चार किंवा पाच टप्प्यांचा असतो आणि प्रत्येक टप्पा वरच्याच्या आत शिरतो, त्यामुळे सर्वांत खालची नळी सर्वांत बारीक. टप्पे जितके जास्त, तितकी घडी लहान, पण शेवटची नळी तितकी काडीसारखी. म्हणून दुकानात ट्रायपॉड पाहताना वरचा जाड भाग पाहून भुलू नये. सगळे टप्पे उघडून खालची नळी पाहावी. वापरतानाही पूर्ण उंचीची गरज नसेल, तर खालचा टप्पा बंदच ठेवून वरचे जाड टप्पे उघडावेत.

तीन, तो वेगळ्या पदार्थाचा आहे. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८ ग्रॅम, ॲल्युमिनिअमची २.७ आणि कार्बन फायबरच्या नळीची साधारण १.६. ॲल्युमिनिअम पोलादाच्या तिप्पट हलके आहे, पण ताठपणातही ते साधारण तितकेच कमी आहे. मग त्याचा फायदा काय? त्याच वजनात अधिक जाड नळी करता येते आणि जाड नळीचा नफा आपण वर पाहिलाच. कार्बन फायबरमध्ये हा फायदा आणखी मोठा मिळतो, पण त्याची किंमत ॲल्युमिनिअमच्या कित्येक पट असते. शाळेसाठी ॲल्युमिनिअम पुरेसे आहे.

लाकूड आणि बांबू यांनाही विसरू नये. जमीन मोजणाऱ्या सर्वेक्षकांनी लाकडी ट्रायपॉड पिढ्यान्पिढ्या वापरले. लाकूड वजनाच्या मानाने ताठ असते आणि त्यातली कंपने लवकर विरतात. एका जाड फळीच्या तुकड्यावर पाव इंची स्क्रू आणि खाली बिजागरीने जोडलेल्या तीन बांबूच्या काठ्या, एवढ्यात शाळेचा ट्रायपॉड कार्यानुभवाच्या तासाला तयार होऊ शकतो. जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांच्या तळाला पाव इंची स्क्रूचेच भोक असते. फोनसाठी त्यावर बसणारा चिमटा स्वतंत्र मिळतो.

आता मधल्या दांड्याबद्दल. बहुतेक ट्रायपॉडमध्ये मधला दांडा वर ओढून उंची वाढवता येते. तो वर काढला की तीन पायांच्या ट्रायपॉडवर एका पायाचा दांडा उभा राहतो. पट्टीचा प्रयोग आठवा. दांडा दुप्पट बाहेर म्हणजे आठपट वाकणे. हलक्या ट्रायपॉडवर फोटो हलण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण असते आणि ते टाळायला एक पैसाही लागत नाही. दांडा खालीच ठेवावा.

आरसा आणि ठिपका

पण ही सगळी चर्चा अंदाजाची झाली. आपला ट्रायपॉड खरोखर किती हलतो, हे मोजता येईल का? येईल, आणि साहित्य फारसे लागत नाही.

ट्रायपॉडवर कॅमेरा बसवा आणि त्याच्यावर दुहेरी चिकटपट्टीने एक लहान सपाट आरसा घट्ट चिकटवा. दुसऱ्या टेबलावर, पुस्तकांच्या मधे घट्ट धरलेला कमी शक्तीचा लेझर पॉइंटर असा ठेवा की त्याचा प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन ५ मीटर दूरच्या भिंतीवर पडेल. भिंतीवर आलेखाचा कागद लावा. (लेझर शिक्षकांनीच हाताळावा. प्रकाशाची वाट डोळ्यांच्या उंचीवरून जाऊ देऊ नये आणि मुलांना त्या वाटेपासून दूर बसवावे.)

आता ट्रायपॉडच्या पायाला पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. भिंतीवरचा ठिपका थरथरू लागेल. आरसा जेवढ्या कोनातून वळतो, त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो. ५ मीटर अंतरामुळे ही हालचाल आणखी मोठी होऊन दिसते. डोळ्यांना न दिसणारी हालचाल अशा रीतीने आलेखाच्या कागदावर मोजता येते.

ठिपका १ मिलिमीटर सरकला, तर कॅमेरा किती वळला? १ मिलिमीटरला ५००० च्या दुपटीने भागले की ०.०००१ रेडियन येतो. वरच्या ३०० मिलिमीटर भिंगाच्या हिशेबात हे सुमारे साडेसात पिक्सेल झाले. आता पक्ष्याच्या कड्यावरचा ५ मिलिमीटर उंचीचा अंक ५० मीटरवरून पाहिला, तर त्याचाही कोन बरोबर ०.०००१ रेडियन येतो! भिंतीवर ठिपका एका मिलिमीटरने हलणे म्हणजे कड्यावरचा अख्खा अंक पुसला जाणे.

या प्रयोगात दोन गोष्टींची नोंद करायची. ठिपका किती हलला, आणि टिचकी मारल्यापासून तो पूर्ण शांत व्हायला किती सेकंद लागले. हाच प्रयोग मधला दांडा वर काढून, दांडा खाली ठेवून, खालचा टप्पा बंद करून, अशा वेगवेगळ्या स्थितींत करावा. मुलांनी तक्ता तयार करावा. दांडा वर असताना लागणारा वेळ आणि खाली असताना लागणारा वेळ यांतला फरक पाहिला, की आणखी काही सांगावे लागत नाही.

वजनाऐवजी वेळ

आमच्या मते हलक्या ट्रायपॉडचे सगळे रहस्य या दुसऱ्या नोंदीत आहे. जड ट्रायपॉड आणि हलका ट्रायपॉड, दोन्ही बटण दाबल्यावर थरथरतात. जड आणि ताठ ट्रायपॉड कमी थरथरतो व लवकर थांबतो. हलका अधिक थरथरतो व उशिरा थांबतो. पण थांबतो. समजा, आपल्या तक्त्यात शांत होण्याचा वेळ सहा सेकंद आला. मग कॅमेऱ्याचा स्वयंचलित टायमर दहा सेकंदांवर लावला की फोटो घेण्याच्या क्षणी दोन्ही ट्रायपॉड सारखेच स्थिर असतील. दोन सेकंदांचा टायमर लावला, तर मात्र हलका ट्रायपॉड हरेल. वजनात जे वाचवले, ते असे वेळाने भरून देता येते.

बटणाला हात न लावण्याचे इतरही मार्ग आहेत. बऱ्याच फोनमध्ये तारेच्या इअरफोनचे आवाजाचे बटण दाबले तरी फोटो निघतो. लहान बिनतारी रिमोटही मिळतात. ज्या कॅमेऱ्यात आत आरसा असतो, त्यात फोटो घेताना आरसा वर उडतो आणि त्याचा झटका बसतो. साधारण १/६० सेकंद ते १ सेकंद या काळाच्या फोटोंना तो जास्त जाणवतो. त्याहून जलद फोटोत कॅमेऱ्याला हलायला वेळच मिळत नाही, आणि बऱ्याच सेकंदांच्या फोटोत सुरुवातीच्या थरथरीचा वाटा नगण्य होतो. अशा कॅमेऱ्यात आरसा आधी वर करून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी. भिंगात थरथर रोखणारी यंत्रणा असेल, तर ट्रायपॉडवर ती बंद करून व चालू ठेवून असे दोन फोटो काढून पाहावेत. काही जुन्या भिंगांत ती ट्रायपॉडवर स्वतःच हालचाल निर्माण करते.

ही देवाणघेवाण कुठे चालत नाही? वारा सतत ढकलत असेल, जमीनच हलत असेल किंवा ज्याचा फोटो घ्यायचा ते थांबणार नसेल, तर वाट पाहून काही होत नाही. तिथे दुसरे उपाय करावे लागतात. ठाणे-कल्याण पट्ट्यात हे तिन्ही प्रसंग येतात.

तलाव, खाडी आणि पूल

ठाण्याचा मासुंदा तलाव किंवा कल्याणचा काळा तलाव यांच्या काठची पक्की फरसबंदी ट्रायपॉडला उत्तम. फक्त शेजारून पळणारी मुले आणि व्यायामाला आलेली मंडळी यांच्यापासून थोडे बाजूला उभे राहावे. येऊरच्या टेकडीवर आणि खाडीकाठी मुख्य शत्रू वारा. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट. अशा वेळी ट्रायपॉड जमेल तितका बुटका करावा, कॅमेऱ्याचा फडफडणारा पट्टा काढून ठेवावा आणि आपण वाऱ्याच्या बाजूला उभे राहून आडोसा करावा. मधल्या दांड्याच्या आकड्याला दप्तर अडकवले तर गुरुत्वमध्य खाली येतो व ट्रायपॉड उलटण्याची भीती कमी होते. पण टांगलेले दप्तर लंबकासारखे झुलू लागले की तेच ट्रायपॉडला हलवते. म्हणून दप्तराचा तळ जमिनीला टेकेल इतकेच ते खाली सोडावे. हे वजन वाटेत वाहावे लागत नाही, कारण दप्तर आपण नेलेलेच असते.

खाडीकाठच्या चिखलात पाय हळूहळू रुततात आणि लांब काळाच्या फोटोत चित्र खाली सरकते. पायांखाली लाकडी फळीचे तीन तुकडे ठेवले की दाब पसरतो. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, टप्पे उघडे ठेवून वाळवावेत. खारे पाणी नळ्यांच्या कुलपांत राहिले तर ती पकडेनाशी होतात.

ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे मुलांना नेण्याजोगे दुसरे दृश्य नाही. पण पक्षी होडीतून पाहायचे असतील, तर ट्रायपॉड काठावरच ठेवावा. ट्रायपॉड कॅमेऱ्याला होडीशी जोडतो, आणि होडी तर डुलतेच आहे. इंजिनाची थरथरही पायांवाटे वर येते. तिथे आपले शरीरच चांगले. कोपर अंगाशी, श्वास रोखलेला, आणि नाभीय अंतराच्या आकड्याइतका जलद फोटो, म्हणजे ३०० मिलिमीटरला १/३०० सेकंद किंवा त्याहून जलद.

हाच धडा पुलांचा. कल्याणच्या दुर्गाडीजवळच्या पुलावरून किंवा स्टेशनाबाहेरच्या स्कायवॉकवरून संध्याकाळचा देखावा टिपावासा वाटतो, पण जड वाहन किंवा माणसांचा लोंढा गेला की पूल कंप पावतो आणि तीन किलोंचा ट्रायपॉडही त्याच्याबरोबर हलतो. जमीन हलत असताना ट्रायपॉडचे वजन उपयोगाचे नाही. पुलाच्या मध्यापेक्षा खांबाजवळ उभे राहावे, किंवा सरळ नदीकाठी उतरावे. रेल्वेच्या फलाटावर आणि पादचारी पुलावर मात्र ट्रायपॉड मांडू नये. गर्दीत तो इतरांना धोकादायक ठरतो. तसेच सहल अंबरनाथच्या शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधल्या शिवमंदिरात नेणार असाल, तर लक्षात असू द्या की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड वापरायला आधी परवानगी घ्यावी लागते.

दुकानात जाताना

आता एवढ्यावरून निवडीचे निकष मांडता येतील.

१. आधी काम ठरवावे. फक्त फोनसाठी अर्धा किलो पुरे. लांब भिंगासाठी सव्वा ते दीड किलोचा ॲल्युमिनिअमचा ट्रायपॉड हा लोकलच्या प्रवासाला झेपणारा मध्यम मार्ग आहे.

२. घडी केलेली लांबी ४०-४५ सेंटिमीटर असावी, म्हणजे तो पाठीवरच्या पिशवीत बसतो. लांबी त्याहून कमी करायला पाचवा टप्पा लागत असेल, तर तो मोह टाळावा.

३. मधला दांडा खाली ठेवून मिळणारी उंची पाहावी. खोक्यावरची कमाल उंची दांडा वर काढून मोजलेली असते.

४. सगळे टप्पे उघडून, कुलपे लावून, वरच्या पट्टीला धरून हलकेच पिळावे. खटखट जाणवली तर सांधे ढिले आहेत. एका पायावर हळूहळू भार देऊन टप्पा आत सरकतो का, तेही पाहावे.

५. कॅमेरा बसवण्याची पट्टी आणि तिच्याखालचा सांधा तपासावा. स्वस्त ट्रायपॉडमध्ये हा भाग प्लॅस्टिकचा असतो आणि पाय चांगले असूनही सगळी थरथर तिथेच होते. पैसे थोडेच असतील तर ते आधी इथे खर्च करावेत.

६. दुकानात आरसा-लेझरचा प्रयोग करता येणार नाही, पण त्याची छोटी आवृत्ती जमते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दूरची पाटी जास्तीत जास्त मोठी करून पाहावी, पायाला टिचकी मारावी आणि चित्र शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मनात मोजावे. दोन ट्रायपॉडमध्ये निवड करायची असेल तर खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा हे सेकंद अधिक खरे बोलतात.

शेवटी पृथ्वीही फिरते

एक मर्यादा मात्र कोणत्याच ट्रायपॉडला ओलांडता येत नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चंद्र-तारे आकाशात दर सेकंदाला एका अंशाचा २४० वा भाग सरकतात. ३०० मिलिमीटर भिंगातून हे दर सेकंदाला साडेपाच पिक्सेल झाले. पौर्णिमेचा चंद्र इतका तेजस्वी असतो की त्याचा फोटो १/२०० सेकंदातही मिळतो आणि ट्रायपॉड नसला तरी चालते. ग्रहणात पूर्ण झाकलेला तांबूस चंद्र हजारो पटींनी मंद असतो. त्याला एक-दोन सेकंद द्यावे लागतात, आणि तेवढ्यात चित्र पाच-दहा पिक्सेल सरकते. म्हणून संवेदकाची संवेदनशीलता वाढवून वेळ एका सेकंदाच्या आत ठेवावा. फोनच्या मुख्य भिंगात हीच हालचाल तीन सेकंदांत एक पिक्सेल एवढीच असते.

७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहण पावसाळ्यात आले होते. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री येणारे खग्रास चंद्रग्रहण मात्र कोरड्या ऋतूत आहे, आणि रात्री दहाच्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत असेल. मुलांना जागायला सोयीची अशी ही वेळ आहे. त्याआधी शाळेतल्या मुलांनी आपल्या ट्रायपॉडचा ‘शांत होण्याचा तक्ता’ तयार करून तो ट्रायपॉडच्या पिशवीवरच चिकटवावा. दांडा वर असताना किती सेकंद, खाली असताना किती, वारा असताना किती. मग त्या रात्री गच्चीवर कोणाच्याही हाती कॅमेरा असला, तरी टायमर कितीवर लावायचा हे त्याला आधीच ठाऊक असेल. शाळाशाळांमधून असे तक्ते तयार झाले, तर ते एकमेकांशी ताडून पाहायला आम्हांला आवडेल.